तळापासून भरणारी जखम

ट्रकड्रायव्हरशी लग्न म्हणजे अर्धा संसार वाट पाहण्यात, हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. नवरा घरी यायचा तो आंघोळीला, झोपायला आणि पुन्हा निघायला. महिनाभर तरी राहा, असं तिने किती विनवलं असेल. तो हसण्यावारी न्यायचा.

मग माकडहाडावर, कुल्ल्यांच्या फटीत, त्याला गळू झालं. जागाच अशी अडचणीची की गड्याने बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. सीटवर हवेची ट्यूब घालून गाडी हाकत राहिला. गळू फुटायचं, पू वाहून जायचा, वरून कातडी जुळली की स्वारी पुन्हा रस्त्यावर. महिन्या-दोन महिन्यांत तिथेच सूज.

शेवटी बायकोला कळलंच. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून, म्हणजे तिला बसवून आणि त्याला उभं ठेवून, समजावलं. सतत बसून, घामाने, घासण्याने केस कातडीत शिरतात आणि आत पोकळी करतात. वरचं तोंड मिटलं तरी आतला गुंता राहतोच. त्यांनी तो भाग कापून काढला आणि जखम मुद्दाम उघडी ठेवली, कारण ती तळापासून भरत यायला हवी होती. रोज धुवायची, आत हलकेच औषधाची पट्टी ठेवायची, भोवतालचे केस काढत राहायचे. त्याला काही पाठीला डोळे नव्हते, तेव्हा हे काम तिच्याकडे आलं.

सुरुवातीला तो लाजेने उशीत तोंड खुपसून पडायचा. मग पालथ्यापालथ्याच बोलू लागला, तिचं ऐकू लागला. आपलं लग्न आत्ता कुठे लागलंय, असं तिला वाटे.

मालकाचा फोन आला की मात्र तो विचारायचा, अजून किती राहिली? एका सकाळी पट्टी ठेवायला जागाच नव्हती. तिथे फक्त कोवळी गुलाबी कातडी होती.

“अजून थोडी आहे,” ती म्हणाली आणि वरवर पट्टी चिकटवली.

दुपारी तो मालकाला फोनवर सांगत होता, की माझं काही चालत नाही, बायको म्हणेल तेव्हाच येईन. ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना ती म्हणाली, “भरली आहे. कालच भरली होती. तुम्ही जाल म्हणून बोलले नाही.”

तो उठायला गेला आणि पुन्हा पालथा झाला.

“बरं,” तो म्हणाला, “मग आजची पट्टी लाव.”