फोडलेली पायरी आणि खोडलेली ओळ

प्रा. मधुकरराव इंगोले सरांची आणि माझी खरी ओळख माझ्या एका खोटेपणामुळे झाली. गौरवग्रंथात असं काही लिहू नये म्हणतात. पण सरांवर लिहायचं आणि आपलं तेवढं झाकायचं, हे मला जमणार नाही.

यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला होते. लेव्हलिंगचं, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजण्याचं प्रात्यक्षिक होतं आणि ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. आमच्या गटाने मागच्या वर्षीची वही मिळवली आणि सावलीत बसून आकडे उतरवून काढले. सरांनी वही चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"कॅन्टीनच्या पायरीवर पट्टी कोणं धरली होती?"

"मी, सर."

"चाल, दाखव मले."

जाऊन पाहते तर पायरीच नाही! कॅन्टीनवाले काका हसून म्हणाले, "बाई, ते पायरी तं उन्हाळ्यातच फोडली न!"

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सगळं काम पुन्हा करायला लावलं आणि नियम घालून दिला. प्रत्येक आकड्यापुढे तो घेणाऱ्याचं नाव हवं. चुकलं तर खोडरबर वापरायचं नाही, एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे आणि शेजारी सही करायची. आमच्या विभागात हा रिवाज आजही पाळला जातो.

शेवटच्या वर्षाला सर नोकरीच्या मुलाखतींची तयारी करून घेत. टाय कसा बांधावा हे त्यांनी कधी शिकवलं नाही, त्यांना स्वतःलाच तो बांधता येत नाही. ते मुद्दाम कुणालाच येणार नाही असा प्रश्न विचारत. थापा मारणाऱ्याला बाहेर पाठवत. "माहीत नाही, पाहून उद्या सांगते" म्हणणारी पास, पण उद्या उत्तर आणलं तरच. त्या एका वाक्याने मला आजवर जितकं तारलं, तितकं कुठल्याच गुणपत्रिकेने तारलं नाही.

मला पहिली नोकरी लागली ती पुलाच्या साइटवर. घाटंजीजवळच्या आमच्या तांड्यातून मुलगी साइटवर राहायला जाणार, हे माझ्या बाला पटेना. सर एसटीने तांड्यावर आले, बाजेवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या पोरीनं एकदा खोटं लिवलं होतं. आता लिवत नाही. हे मी माह्या जबाबदारीवर सांगतो." बा म्हणाले, "तुम्ही म्हणता, तं जाऊ द्या."

पुढे तीन महिन्यांतच सरांच्या या शब्दाची परीक्षा आली. बाभुळगावकडच्या एका नाल्यावर छोटा पूल होत होता. पायाचा खड्डा माझ्या मोजणीवर खोदलेला, काँक्रीटची गाडी येऊन उभी. सहज वही पुन्हा पाहिली आणि आकडे परत मांडले. बेरीज-वजाबाकीत मी घोळ घातला होता, खड्डा हातभर उथळ होता. तासाभरात तो काँक्रीटखाली गेला असता आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. सांगावं तर नोकरी जाणार, आणि बा सरांना म्हणणार, बघा, हिच्यासाठी शब्द दिला होता तुम्ही. मी सरांना फोन लावला.

"उत्तर तुले माहीत हाये," सर म्हणाले. "मंग माह्याशी बोलण्यात वेळ कायले घालवून राह्यली? सायबाकडे जा. आधी चूक सांगजो, मंग कारण."

मी गेले. साहेबांनी गाडी परत पाठवली आणि सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली. महिनाभर मला लेव्हलच्या यंत्राला हात लावू दिला नाही. त्या महिन्यात मी खूप रडले, हेही लिहून ठेवते. पुढच्या पुलाच्या वेळी मात्र त्यांनी यंत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "लेव्हल तूच घे. बाकीच्यायच्या चुका मले सापडतच नाही."

नाल्यावरचा तो पहिला पूल झाल्यावर सर तो पाहायला आले होते. कठड्याकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही, वही मागितली. आडवी रेघ, वाचता येणारा चुकीचा आकडा, शेजारी माझी सही. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स मागून नेली.

परवा सरांच्या साठीच्या तयारीसाठी बाला घेऊन कॉलेजात गेले. इतर विभागांच्या भिंतींवर पहिल्या आलेल्यांचे फोटो आहेत. आमच्या प्रयोगशाळेत चौकटीत ते पान लावलंय. सर दर वर्षी नव्या मुलांना आधी तिथे उभं करतात.

बांनी पान निरखलं आणि जरा दुखावून विचारलं, "सर, पोरीची चूक भिंतीवर लावली?"

"चूक तं सगळ्यायचीच असते, भाऊ," सर म्हणाले. "शेजारचं नाव वाचा."

बा अक्षर अक्षर जुळवत वाचतात. त्यांनी माझं नाव मोठ्याने वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि अजून पुष्कळ मुलांना त्या भिंतीसमोर उभं करण्याचं बळ मिळो. या लेखातली प्रत्येक नोंद मी स्वतः घेतली आहे. कुठे चुकलं असेल तर सरांनी आडवी रेघ मारावी, सही करायला मी येईन.

— सरिता राठोड