बांधापलीकडचा ड्रम

तीस वर्षं मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर कोळवणला थोडी जमीन घेतली आणि मातीतले चांगले जंतू वाढावेत म्हणून जीवामृत करायला बसलो. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती, सगळं अगदी मोजून. चार दिवस झाले तरी ड्रम ढिम्म.

बांधापलीकडे एक बाई हेच सगळं अंदाजानं करायची. रोज सकाळी काठीनं ड्रम ढवळायची, मग पदर खोचून त्याला कान लावायची आणि आतली फसफस ऐकून स्वतःशीच हसायची. तो आंबूस वास माझ्या अंगणात आला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा ती आपणहून आली. माझ्या ड्रमात बोट बुडवून तिनं हुंगलं.

“पानी कुटलं वो, सायेब?”

“नळाचं. क्लोरीन टाकलेलं, एकदम स्वच्छ.”

“आन् मंग? मारायचं औषिद घालून जगवाया बसलाय व्हय तुमी?”

हे तर मी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवायचो! तिनं माझा ड्रम ओतून दिला, आपल्या विहिरीचं पाणी आणलं, शेण-गूळ सगळं नव्यानं कालवलं आणि आपल्या बांधावरची मूठभर माती त्यात टाकली.

तिसऱ्या दिवशी ड्रम फसफसला. पुण्याहून मुलगी आली होती. म्हणाली, “बाबा, शेवटी तुमचं शिक्षणच कामी आलं!”

मी “हो” म्हणालो.

त्या बाईचं नाव मी अजून विचारलेलं नाही. कळलं, तर मुलीला सांगावं लागेल.