पाच ट्रे आणि धोंडुबाईची जीभ

तर पाचव्या ट्रेला कुंकवाचं बोट लावून धोंडुबाईने हात जोडले, इथवर काल येऊन गाडी थांबली होती. हात जोडून ती वळते तो दारात प्रयोगशाळेचे प्रमुख दिनानाथ सर उभे. तोंडावरचा मास्क त्यांनी हनुवटीखाली ओढलेला, आणि त्या खोलीत मास्क ओढायचा नाही हा नियम त्यांनीच केलेला. कुंकवाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते बाटल्यांकडे बघत होते.

"धोंडुबाई, ह्यांच्यावर आकडे होते."

"व्हते. शाईचे डाग नुसते. स्पिरिटनं एक एक काढला," धोंडुबाई म्हणाली. शाबासकी कधी मिळते याची ती वाट बघत होती.

दिनानाथ सर तिथल्या स्टुलावर बसले. त्या स्टुलाचा एक पाय तोकडा होता, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही होतं.

आता काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं.

धोंडुबाई मूळची पेणच्या खाडीकाठची. बाळंतिणीच्या खोलीतून निघून ती थेट मिठागराच्या बांधावर टोपलीत आली, असं तिचं तीच सांगे, आणि त्यात फारसं खोटं नसावं. चाळीस वर्षं तिने खारं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडलं. पाणी पुढे कधी सोडायचं हे तिथं बोट बुडवून जिभेवर टेकवून ठरे. सासऱ्याने तिला ते शिकवलं, आणि पुढे म्हाताऱ्याची जीभ बोथट झाली तेव्हा तोच सुनेला हाक मारी, "गो, जरा चाखून बघ, मना काय कळत नाय."

मग एकामागून एक मिठागरं बंद पडली. नवरा नाथा गुडघ्यांनी बसला. मुलगा हिरामण रोह्याच्या कंपनीत शिफ्टला लागला आणि त्याने रोह्याशेजारच्या वरश्याला दोन खोल्या घेतल्या. म्हातारा-म्हातारी त्याच्या मागोमाग आली. नाथा ओटीवर रेडिओ घेऊन स्थिरावला. धोंडुबाईला मात्र बसणं जमेना. तिने आठ दिवसांत शेजाऱ्यांची सुद्धा भांडी चमकवून टाकली.

शहाण्णव-सत्त्याण्णवची ही गोष्ट. वरश्याच्या मागच्या अंगाला तेव्हा 'ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा' अशी पाटी लागली. रिक्षावाले तिला केळ्यांची कंपनी म्हणत. डझनभर केळी घ्यायला म्हणून पिशवी घेऊन गेलेली माणसं रिकामी परत येत आणि कंपनी बुडणार असं ठामपणे सांगत. धोंडुबाई मात्र केळी घ्यायला गेली नाही, काम मागायला गेली, आणि बाटल्या धुवायच्या टाकीपाशी तिला जागा मिळाली.

आत काय चालतं ते तिने नाथाला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "केळीचा कोंब घ्यायचा. कांद्यावाणी सोलत सोलत आत जायचं. नखाएवढा गाभा राह्यला का थांबायचं. तो बाटलीत ठेवायचा, चायना ग्रासच्या खिरीवर. खिरीत साखर हाय, क्षार हायत, औषधं हायत. म्हैन्यानं एकाचे चार, चाराचे सोळा. माती नाय, शेण नाय, ऊन नाय."

नाथाने रेडिओ बारीक केला. "मग त्या केळीला कळतं तरी का, आपण केळ हाय म्हणून?"

"तुमाला कळतं का, आपण नवरा हाय म्हणून? चहाचा कप उचला."

दोन वर्षं तिने बाटल्या धुतल्या. पण तिचा डोळा आतल्या खोलीवर. तिथं स्वच्छ वारा सोडणारं टेबल होतं, त्यापुढं चार खुर्च्या. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, स्पिरिटच्या दिव्यावर पातं तापवायचं आणि गाभा कापायचा. हात जरा थरथरला की गाभा गेला, श्वास जरा चुकला की बाटलीत बुरशी. एकदा एक मुलगी लग्न होऊन गेली आणि खुर्ची रिकामी झाली. दिनानाथ सरांनी धोंडुबाईचे हात बघितले. ओल्या बांधावर डोक्यावर मिठाची पाटी घेऊन चाळीस वर्षं चाललेल्या बाईचा हात थरथरत नाही. फक्त एक अडचण होती. तिच्या तोंडात मिश्री होती.

"मिश्री आत चालणार नाही," सर म्हणाले. "दोन्हीतलं एक काय ते ठरवा."

तीस वर्षांची मिश्री तिने त्या दिवशी सोडली. पहिले आठ दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. नवव्या दिवशी जेवताना म्हणाली, "वरणात आज मीठ कमी हाय," आणि हिरामणच्या बायकोने बापडीने कपाळाला हात लावला, कारण मीठ खरंच कमी होतं आणि ह्यापुढं घरात काही लपणार नव्हतं.

तर अशी मिळवलेली ती खुर्ची. आणि आता खंडेनवमीला पाच ट्रे पुसून तिने ती पणाला लावली होती.

मिठागरावर खंडेनवमीला हत्यारं धुऊन पुसून पुजतात. फळ्या, पाट्या, घमेली, सगळं. इथं हत्यारं म्हणजे चिमटे आणि पाती. ती तिने उकळून काढली. पण ज्यांच्या जिवावर पोट चालतं त्या बाटल्या तशाच राहाव्यात हे तिला पटेना. झेंडू आत आणायला सरांनी आधीच बंदी घातलेली, फुलातून किडे येतात म्हणून. मग निदान अंग तरी पुसावं. पुसलेली बाटली ज्या त्या ट्रेत परत गेली, पण फळ्याही पुसाव्यात म्हणून ट्रे खाली उतरवले, आणि वर ठेवताना जिथं हात पोचला तिथं ठेवले.

केळीचे असते तर काही बिघडलं नसतं. पण हे पाच ट्रे वेगळे. शहरातल्या कॉलेजात संशोधन करणाऱ्या एक बाई होत्या, कंपनीत त्यांना मोठ्या बाई म्हणत. खारपाटातल्या तांबड्या भाताचे दाणे त्यांनी आणून दिले होते. दाण्यातून आधी पेशींचा पिवळट गोळा वाढवायचा, भाजलेल्या रव्याच्या ढेकळासारखा. मग ते गोळे पाच तऱ्हेच्या खिरीवर लावायचे. पहिल्या ट्रेमध्ये वरचं मीठ नाही. दुसऱ्यात लिटरला तीन ग्रॅम, मग सहा, नऊ, बारा. ज्या पेशी जास्त मिठात तगतील त्यांच्यापासून रोपं करून बघायची. बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरलं तरी उभा राहील असा भात त्यातून मिळतो का, हा शोध. एरवी शेतात ज्याला वर्षं गेली असती ते पाच ट्रेमध्ये मावत होतं. मिठाचे ते आकडे बाटल्यांवर पेनाने लिहिलेले होते. गोळे लावून चारच दिवस झालेले, त्यामुळं बघून काही कळायची सोय नव्हती. पाचही ट्रे सारखेच दिसत होते, आता तर कुंकवासकट.

खिरी शिजवणारा रघू धावत आला. "मीटर लावून बघू ना सर."

"मीटर गणपतीपासून मुंबईत दुरुस्तीला आहे."

"मग टाकून देऊ सगळं. पडलं म्हणून सांगू."

"पाच ट्रे? शंभर बाटल्या? एकदम पडल्या?" सर म्हणाले. "मोठ्या बाई परवा येतायत. मी खोटं बोलणार नाही. कुणी पुसलं असं विचारलं तर नाव सांगावं लागेल, धोंडुबाई. आणि मग तुम्हाला परत टाकीवर पाठवण्यावाचून माझ्या हातात काही राहणार नाही."

धोंडुबाईने टोपी काढली, परत घातली. मग म्हणाली, "दर ट्रेची एक एक बाटली फुकट जाईल. चालंल का?"

"कशाला?"

"चाखते."

रघूने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं लाल अक्षरांत पाटी होती: येथे कोणताही पदार्थ चाखू नये. चौथीपर्यंत शिकलेल्या धोंडुबाईने ती रोज दोनदा वाचलेली होती.

"पाटी आत हाय," ती म्हणाली. "मी भायेर बसते."

सर कळवळून म्हणाले, "अहो, त्यात औषधाचा अंश आहे. पोटात जाता कामा नये."

"खारं पाणी कोण गिलतं? चाखून थुकायचंच असतं. तांब्याभर पाणी द्या, नाय तं कळशीच द्या."

मागच्या अंगणात, बाटल्या धुवायच्या टाकीशेजारी, ती मांडी घालून बसली. सर वही घेऊन उभे. रघूने पाच वाट्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीत खिरीचा सुपारीएवढा तुकडा. धोंडुबाईने चूळ भरली. पहिल्या वाटीत काडी बुडवली, जिभेच्या टोकाला लावली, डोळे मिटले, थुंकली. परत चूळ.

"ह्यात साखर पुढं बसलेय. मीठ तिच्या मागं लपलंय. ही वरणाची."

"म्हणजे किती?"

"थांबा ना. आधी सगळ्यांची वळख तं होऊं द्या."

दुसऱ्या वाटीला तिने तोंड वाकडं केलं. "ही पावसाळा सरल्यावरची खाडी." चूळ. तिसरी, "ही सुक्या बोंबलाच्या कालवणाची." चूळ. चौथीला तिने मिटलेले डोळे उघडलेच नाहीत. रघूला वाटलं औषध चढलं. "ही डोल्यातल्या पाण्याची," ती म्हणाली. "रडून झाल्यावर ओठावर येतं ते." चूळ. पाचवी तिने नुसती काडीला लावली आणि हसली. "ही तर शिरा. हिच्यात वरचं मीठच नाय."

मग तिने वाट्या सरकवल्या. शिरा, वरण, कालवण, डोळ्यातलं पाणी, खाडी. सरांनी वहीत शून्य, तीन, सहा, नऊ, बारा लिहिलं. ट्रेंवर त्यांनी कागदी चिकटपट्ट्या लावल्या आणि ह्या वेळी आकडे शिसपेन्सिलीने काढले, कारण ते स्पिरिटने जात नाहीत. हे त्यांनी आधीच करायला हवं होतं, असं रघू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. धोंडुबाईने घरात सोनं वाटलं, पण तिचं लक्ष नव्हतं. कोनाड्यात मिश्रीची जुनी डबी होती. ती तिने दोनदा हातात घेतली आणि दोनदा ठेवली.

"उघड की," नाथा ओटीवरून म्हणाला. "उद्या टाकीवरच जायचंय तं मिश्रीनं काय घोडं मारलंय?"

"अजून खुर्चीवर हाय मी," ती म्हणाली. "आणि उद्या वाट्या परत चाखाया लावल्या तं?"

नाथाने रेडिओ मोठा केला. पण थोड्या वेळाने तो उठला, गुडघे धरत आत आला, डबी घेतली आणि आपल्या उशीखाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई रोहा स्टेशनावर उतरल्या. परतीच्या गाडीला अडीच तास, म्हणून सगळं घाईघाईत. दिनानाथ सरांनी कबुली दिली ती पाठ केल्यासारखी, कुंकवापासून वाट्यांपर्यंत. धोंडुबाई दाराशी उभी होती, टोपी हातात. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून बोटाएवढं एक मीटर काढलं, कारण संशोधन करणाऱ्या माणसाच्या पिशवीत डबा नसला तरी मीटर असतं.

रघूने परत पाच तुकडे वितळवून पाण्यात कालवले आणि जसे हाताला लागले तसे पुढे ठेवले. बाईंनी मीटरचं टोक एकामागून एक बुडवलं. खाडी बरोबर. शिरा आणि वरण, दोन्हींचा आकडा जरा चढा, पण जागा बरोबर. कालवण आणि डोळ्यातलं पाणी मात्र उलट. मीटर म्हणत होतं, सहाचं ते नऊ आणि नऊचं ते सहा.

सरांचा चेहरा उतरला. रघूने टाकीकडे बघितलं, मग धोंडुबाईकडे.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. मीटर साध्या पाण्याने धुऊन, प्रत्येक वेळी धुऊन, परत लावलं तेव्हा पाचही ट्रे धोंडुबाईने लावल्याप्रमाणेच निघाले. मीटरचं खारं टोक खाडीतून उचलून तसंच कालवणात घातलं तर कालवण जास्त खारं दिसणार, आणि शिऱ्यातून उचलून डोळ्यातल्या पाण्यात घातलं तर ते कमी. धोंडुबाई त्या खुर्चीवर पुढं अकरा वर्षं बसली. मोठ्या बाईंनी आपल्या वहीत तिचं नाव पेनाने लिहून घेतलं, मग आठवण झाली म्हणून त्यावरून शिसपेन्सिल फिरवली. आणि भिंतीवरची पाटी तशीच राहिली, फक्त अंगणात चौकोनी कट्टा बांधला गेला. तो कशासाठी ते कुणी विचारत नाही.

पण हे सगळं झालं ते त्या क्षणानंतर. त्या क्षणी मीटर धुतलेलं नव्हतं, आकडे उलटे होते आणि खुर्ची अधांतरी. मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि सरळ विचारलं, "धोंडुबाई, मीटर एक सांगतंय आणि तुम्ही दुसरं सांगताय. आता मी खरं कुणाचं धरू?"

धोंडुबाईने मीटरकडे नीट बघितलं, वाट्यांकडे बघितलं, आणि म्हणाली:

"बाई, मी दर वाटीला चूळ भरली व्हती. तुमच्या मीटरनं भरली का?"