कापलेला काठ

मस्कतला मी फ्रेमच्या दुकानात काम करतो. मदिनत सुलतान काबूसमधली कुटुंबं आमच्याकडे मुलांची सर्टिफिकेटं, लग्नाचे फोटो, कुराणातल्या आयती, गणपती, सगळं घेऊन येतात. मी मूळचा रत्नागिरीकडचा, सुताराच्या घरातला. कटिंगच्या टेबलावर माझ्यासोबत रायगडचे एक चाचा होते, साठीला आलेले. चित्राभोवती बसवायचा माउंटचा पुठ्ठा तिरक्या धारेने कसा कापायचा, ते त्यांनीच मला शिकवलं. मी डावखुरा. म्हणून आधी त्यांनी स्वतः डाव्या हाताने आठवडाभर पुठ्ठे कापून पाहिले, आणि मग मला दाखवलं. परक्या माणसासाठी एवढं कोण करतं?

एका सकाळी एक वयस्क जपानी बाई दुकानात आल्या. पातळ कागदात गुंडाळलेलं एक चित्र त्यांनी टेबलावर उलगडलं. लाकडी ठशांनी छापलेलं, जुनं. डोंगराच्या कडेने जाणारा रस्ता, त्यावरून वाऱ्याला पाठ देऊन चाललेले तीन वाटसरू, डोक्यावर गवताच्या टोप्या. मागे ओझ्याचा घोडा, आणि त्याच्याही पायांत गवताची पायताणं. कागद धुतलेल्या मलमलीसारखा मऊ होता, रंग पाठीपर्यंत मुरला होता.

डाव्या बाजूला बोटभर कोरा काठ होता. त्यात बारीक अक्षरं आणि एक लाल शिक्का. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, पण टेकवलं नाही.

“चित्र काढणाऱ्याला सगळे ओळखतात,” त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. “हे लाकूड कोरणाऱ्याचं नाव आहे. असं नाव फार कमी चित्रांवर असतं. माझे वडील आधी हे नाव दाखवायचे, मग चित्र. काठ झाकू नका. कापू तर अजिबात नका.”

त्या गेल्यावर चाचा म्हणाले, “जपून कर रे. कारागिराचं नाव आहे.”

मी जपून केलं नाही. माप घेताना मी फोनवर घरच्यांशी बोलत होतो. पट्ट्या कापून चौकट जोडली, आणि ती एका बाजूने बोटभर कमी भरली. त्या रंगाची पट्टी संपली होती. नवी दुबईहून मागवायची, तर अर्बाबला, म्हणजे दुकानाच्या मालकाला, चूक सांगावी लागली असती. चाचा जोहरच्या, दुपारच्या नमाजाला गेले होते. मी चित्रावर स्टीलची पट्टी ठेवली आणि एका झटक्यात काठ कापून टाकला. ती चिंधी पुठ्ठ्याच्या कचऱ्यात पडली. काठाकडे कोण बघतंय, असं मी मनाशी म्हटलं.

बाईंनी बघितलं. त्या चित्र न्यायला आल्या आणि फ्रेमच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. आवाजही चढवला नाही. एवढंच विचारलं, “नाव कुठे गेलं?”

अर्बाब केबिनमधून बाहेर आले. “किसने काटा?”

माझ्या हातात काच पुसायचं फडकं होतं. मी पुसत राहिलो. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, महिन्यापूर्वी एक सर्टिफिकेट त्यांच्या हातून तिरकं कापलं गेलं होतं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडेच वळल्या.

“अर्बाब, मैंने नहीं काटा,” चाचा म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“खलास,” अर्बाब म्हणाले. बाईंनी चित्र चौकटीतून काढायला लावलं, पुन्हा पातळ कागदात गुंडाळलं आणि घेऊन गेल्या.

पुढच्या आठवड्यात चाचांना मस्कतपासून दूर, सहम गावातल्या दुकानात पाठवलं. तिथे अर्बाबचा अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा धंदा आहे. चाचांना गोदामाच्या दारात बसवलं, आणि टेबल माझ्याकडे आलं. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, तुमचे चाचा कुठे गेले? मी म्हणायचो, “त्यांना दिसत नव्हतं हो.” नंतर कुणी विचारलं नाही तरी मीच सांगायला लागलो.

असं दीड वर्ष गेलं. एका शुक्रवारी बसने सहमला गेलो. चाचा गोदामाबाहेर सावलीत चहा घेत बसले होते. बसण्याआधीच मी सांगून टाकलं, “तो काठ मी कापला होता.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“बाईंनी चित्र बाहेर काढायला लावलं तेव्हा कडेवरून बोट फिरवलं. डाव्या हाताचा काप, शेवटी वर उचललेला. तुला मीच शिकवलाय. मला नाही कळणार?”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोललो की. मी नाही कापलं, म्हणालो. पुढचं तू बोलायचं होतं.”

त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. अर्बाबला खरं सांगतो, म्हटलं. “सांग,” ते म्हणाले, “पण मला परत आणण्यासाठी नको. आता खरंच दिसत नाही.”

रविवारी सांगितलं. माझ्यादेखत अर्बाबनी सहमला फोन लावला आणि चाचांची माफी मागितली, अर्धी अरबीत, अर्धी हिंदीत. मला हलू दिलं नाही. फोन ठेवून म्हणाले, “यल्ला, काम करो.” कामावरून काढलं असतं तर सोपं गेलं असतं.

बाईंचा नंबर दुकानाच्या वहीत होता. तो बंद लागला. त्यांच्या इमारतीत गेलो, तर चौकीदार म्हणाला, त्या कधीच मायदेशी गेल्या. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. ज्याचं नाव मी कापलं तो माझ्याच जातकुळीचा, लाकडात हयात घालवलेला माणूस. ते नाव काय होतं, हेसुद्धा मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी चाचा कायमचे गावी निघाले. विमानतळावर दुकानातले आम्ही सगळे गेलो होतो. त्यांनी एकेकाला जवळ घेतलं. माझ्यापाशी आले, हात मिळवला, “आईला सलाम सांग,” म्हणाले, आणि बॅगांची ढकलगाडी हळूहळू चाचपडत पुढे नेली. ती धरायला मी पुढे झालो नाही. दुसऱ्या कुणीतरी धरली.