भरलेल्या गाडीतली रिकामी जागा

आदरणीय वामनभाऊंची आणि माझी पहिली भेट राळेगावहून सुटलेल्या एसटीत झाली, आणि त्या भेटीत मी त्यांच्याशी खोटं बोललो. गौरवग्रंथात असं छापावं की नाही, ते समितीच्या मंडळींनी ठरवावं. लेख मागायला आले तेव्हाच मी सांगितलं होतं, की माझं शिक्षण बारावीच्या अलीकडे थांबलेलं. मग पुसदला कापडाचं दुकान, नेरला जिनिंग, तिथून थेट सुरत, असा कुठंच वर्षभर न टिकलेला माणूस मी. भाऊंच्या कार्याचा आढावा माझ्याच्यानं व्हायचा नाही. समितीवाले म्हणाले, "जे पाह्यलं ते लिही." तर जे पाहिलं ते असं.

मी सुरतेहून गावी परतत होतो. गाडी खच्चून भरलेली. आमच्या गावावरून पुढं कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, जाणारी ही एकच गाडी. मधल्या बाकावर एक म्हातारी न विकलेल्या बांबूच्या टोपल्या मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती आणि आम्ही दहा-बारा जण दांड्याला लटकून उभे होतो. पुढच्या बाकावरचे, खांद्यावर दुपट्टा घेतलेले एक वयस्कर गृहस्थ मागं वळून मला म्हणाले,

"बाबू, जागा हाय ना तिथं. बसत काहून नाही?"

"आता उतराचंच हाय, काका."

माझं गाव अजून तासभर लांब होतं.

ते उठले, मला त्यांच्या जागेवर बसवलं आणि म्हातारीशेजारी जाऊन बसले. "चिन्नूबाई, सरक जराशी. आन त्या टोपल्या इकडं." तासभर त्या टोपल्या दोघांच्या मांडीवर होत्या. मी उतरायला लागलो तेव्हा तेवढं म्हणाले, "तुयं गाव लय लवकर आलं रे बाबू!"

जिल्हा परिषदेवर तीनदा निवडून आलेले वामनभाऊ ते हेच, हे मला खाली उतरल्यावर कळलं. मला वाटायचं, असे लोक जीपशिवाय हलत नाहीत. भाऊ सदस्य असतानाही एसटीनेच यवतमाळला सभेला जात. रस्त्यात लोक अर्ज देत, ते उभ्या उभ्या वाचत, आणि पोचेपर्यंत अर्धी कामं समजून घेतलेली असत.

त्यानंतर मी त्यांच्या ओसरीवर जाऊ लागलो. काहून, ते मलाही सांगता येत नाही. माझा बारावीचा सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भाऊंनी स्वतः बसून भरून घेतला. परीक्षा मी अजून का दिलेली नाही, हे ते दर भेटीला सगळ्यांदेखत विचारतात. असो, विषय भाऊंचा आहे.

एकदा शाळेत त्यांना वंशभेदावर बोलायला बोलावलं होतं. मास्तरांनी परदेशातल्या काळ्या-गोऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. भाऊ उभे राहिले आणि त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. पहिल्या निवडणुकीत ते मतं मागायला पोडावर गेले होते. भर उन्हात चिन्नूबाईंनी पाण्याचा गडवा पुढं केला. भाऊ म्हणाले, "आत्ताच पेलो." घसा तर कोरडा पडला होता. बाईंनी गडवा गुपचूप खाली ठेवला. "मी तिले शिवी नाही देल्ली," भाऊ पोरांना सांगत होते, "हात जोडून बोललो. पन तिले समजलं अन् मलेही समजलं. लोकं शिवी देऊन भेदभाव कमी करते पोरांनो, बहाणा करून जास्त करते." निवडून आल्यावर ते पहिल्यांदा पोडावर गेले आणि पाणी मागून प्याले. चिन्नूबाई तेव्हा काय म्हणाल्या, तेही त्यांनी लपवलं नाही. "आता तहान लागली व्हय? मतं तर कव्हाच देल्ली आमी."

मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. 'आता उतराचंच हाय' माझ्या कानात वाजत होतं.

मागच्या वर्षी ही गाडी बंद व्हायची वेळ आली. पोडावरची माणसं थोडी, आणि आमच्या गावात घरोघरी मोटारसायकली. गाडी अर्धी रिकामी धावायची. भाऊ आगारात भेटून आले. साहेबांचंही चुकत नव्हतं. महिनाभरात प्रवासी वाढले तर फेरी राहील, असं त्यांनी सांगितलं. चिन्नूबाईंची नात मीरा याच गाडीनं अकरावीला राळेगावला जायची. पोडावरून तिथवर शिकायला जाणारी ती पहिलीच. गाडी थांबली की तिची शाळा थांबणार, हे सरळ होतं.

भाऊंनी आमच्या गावात पारावर बैठक घेतली. महिनाभर राळेगावचा बाजार एसटीनं करा, मोटारसायकल घरी ठेवा, एवढंच त्यांचं मागणं. शंकरराव पाटील आमच्या गावचे मोठे शेतकरी, बोलायला फटकळ. ते म्हणाले, "भाऊ, गाडी पोडाची. ते आमी कायले भराची?"

"गाडी पोडाची, अन् फटफट्यांच्या धुरानं वाढलेलं ऊन कोनाचं? यंदा कपाशीची पाती गळली, ते पोडावरची गळली का फक्त?"

"आमची एक मोटारसायकल घरी ठेवून ऊन कमी होते का?"

"हे तर मोठमोठे देशही म्हनते, पाटील. टेबलाभोवती बसते अन् 'आधी तुमी, आधी तुमी' करते. आपल्यापाशी टेबल नाही. एसटीचं बाकडं हाय. आधी कोन बसते, ते पाहू."

लोक हसले, पाटील नाही हसले.

बाजाराच्या दिवशी गाडी पोडावरून आमच्या थांब्यावर आली, आणि खरंच पुष्कळ लोक चढले. पाटीलही चढले, तोंड वाकडं करून का होईना. क्षणात गाडी भरली. माणसं उभी राहिली. आणि मधल्या बाकावर, चिन्नूबाईंच्या शेजारी, ती एक जागा रिकामी. भाऊ पुढं बसले होते. ते उठतील म्हणून मी पाहत होतो. ते उठले नाहीत. मागंही पाहिलं नाही. दुपट्ट्याचं टोक मात्र त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. गाडी भरली तरी ती जागा तशीच राहिली असती, तर त्यांच्या लेखी सगळं फुकट होतं. मीरा आजीशेजारची जागा लोकांसाठी सोडून मागच्या दाराशी दप्तर घेऊन उभी होती आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं पाहत होती.

वळणावर गाडीनं झोला खाल्ला. शंकरराव पाटील पुटपुटले, "सरक वो बाई," आणि बसले.

चिन्नूबाईंनी टोपल्या आवरल्या. "फटफटी बिघडली काय, पाटील?"

"नाही. डोकं ठिकान्यावर आलं."

"मंग हे धरा दोन टोपल्या."

अख्खी गाडी हसली. भाऊ तेवढे खिडकीबाहेर पाहत राहिले, आणि दुपट्ट्यानं त्यांनी डोळे पुसले. धूळ होती म्हणे. मी त्या वेळीही उभाच होतो, हे नोंदवून ठेवतो. परत येताना मी चिन्नूबाईंच्या शेजारी बसलो. त्यांनी मला ओळखलं. "आज उतराचं नाही काय?" म्हणाल्या.

फेरी चालू आहे. मीरा यंदा बारावीला आहे, म्हणजे आम्ही दोघं एकाच वर्षी परीक्षेला बसणार. भाऊ, आता दर भेटीला विचारू नका.

आदरणीय वामनभाऊ पंचाहत्तर वर्षांचे झाले. सत्काराला गाडी पाठवतो म्हटलं तर नको म्हणाले. एसटीनं येणार आहेत. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांचा प्रवास लांबचा असो, जागा खिडकीची असो, आणि आमच्यापैकी कुणाच्या बहाण्यापायी त्यांना त्या जागेवरून पुन्हा कधी उठावं लागू नये.