द्वारकाताईंची वीस मिनिटं

त्या नंबरवर पलीकडून कुणीतरी “हॅलो, कोण बोलतंय?” असं विचारलं, तेव्हाच मला कळलं की द्वारकाताई गेल्या. सात वर्षं मी तो नंबर फिरवत होतो आणि सात वर्षांत हा प्रश्न मला कधीच कुणी विचारला नव्हता. मी नेहमीप्रमाणे गप्प राहिलो. पलीकडचा आवाज तरुण मुलीचा होता, जरा वैतागलेला. “आत्या नाहीये. आत्याला जाऊन बारा दिवस झाले. कोण बोलतंय?” मी रिसीव्हर खाली ठेवला. दुपारचे दोन वाजले होते, केबिनच्या काचेपलीकडे माणसं डबे धुवून परत येत होती, आणि माझ्या कानात मात्र त्या नंबरची ती ओळखीची शांतता तशीच चालू होती… फोन ठेवल्यानंतरसुद्धा.

द्वारकाताई म्हात्रे आमच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतली आमची औषधाच्या गोळ्या पॅक करणारी कंपनी. मी तिथे पर्सोनेल खात्यात क्लार्क म्हणून लागलो त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशीच्या सुमाराला, त्या आल्या. ज्या जमिनीवर वसाहत उभी राहिली तिच्यात त्यांच्या घरची भातशेती गेली होती, आणि तीन वर्षांच्या असताना देवी आल्या त्यात त्यांचे डोळे गेले होते. आमच्या साहेबांनी मुलाखतीनंतर मला म्हटलं होतं, “गावचीही झाली आणि अंधही झाली. एका जागेत दोन कामं.” मी हसलो होतो. तेही इथे लिहून टाकतो.

फोनचा जुना बोर्ड लाकडी होता. फोन आला की त्या लाईनची छोटी झडप टक करून खाली पडायची. द्वारकाताई बोटाने झडप चाचपायच्या, दोरी खोचायच्या आणि लगेच बोलायच्या नाहीत. एक क्षणभर नुसतं ऐकायच्या. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, तेवढ्यावरून त्या त्याला ओळखायच्या. “बोला गोडाऊन, आज दमलात,” असं त्या म्हणाल्या की गोडाऊनमधला माणूस गडबडून जायचा. नवीन मुलींना त्यांची भीतीच वाटे. एक जण मला म्हणालेली, “त्यांच्याशी फोनवर बोलताना असं वाटतं, कुणीतरी आपल्या मागे उभं आहे.” कंपनीत त्या अगदी पुस्तकी बोलायच्या, “नमस्कार, बोला,” आणि घरून भावाचा फोन आला की आवाजच बदलायचा. “काय रं, जेवलास का नाय?” एका माणसाच्या गळ्यात दोन बायका राहतात की काय असं वाटायचं. मला त्या पहिल्या दिवसापासून ‘अरे वसंत’ म्हणत. मी ‘द्वारकाताई, तुम्ही’ म्हणे.

एकदा मुख्य कचेरीतून एक इंग्रजी कागद आला. कंपनी सर्वांना समान संधी देणार, असं त्याचं मराठी करून रिसेप्शनमध्ये लावायचं होतं. काम माझ्याकडे आलं. मी घासूनपुसून लिहिलं, “नोकरी व बढती देताना जात, धर्म, गाव, स्त्री-पुरुष अथवा शरीरातील न्यून पाहिले जाणार नाही,” आणि बरं वाटतंय का म्हणून द्वारकाताईंना वाचून दाखवलं.

“न्यून काय रे? मी काय मीठ कमी पडलेली आमटी आहे?”

मी तो शब्द खोडला.

“आणि नुसतं ‘पाहिले जाणार नाही’ काय कामाचं? न पाहण्यात मी तुम्हा सगळ्यांपेक्षा हुशार आहे. पुढे असं लिही की काम देताना आणि परीक्षा घेताना ज्याला जी सोय लागते ती दिली जाईल. ते महत्त्वाचं.”

ते वाक्य मी जसंच्या तसं घातलं. साहेबांना वाटलं मुख्य कचेरीचंच आहे; मुख्य कचेरीला वाटलं साहेबांचं. बोर्ड रंगवून आला आणि नेमका द्वारकाताईंच्या डोक्यावर लागला. पाहुणे आले की तिथे फोटो काढत, वर बोर्ड, खाली द्वारकाताई. त्यांना तो पाठ होता. कुणी मोठ्याने वाचायला लागलं की त्या हळूच पुढचा शब्द सांगायच्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इतकी वर्षं मी ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

एक्क्याण्णव साली फोनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला. त्यावर झडपा नव्हत्या, तांबडे दिवे होते. साहेबांना रिसेप्शन नवं करायचं होतं, सोफा, काच, कुंड्या. आणि फोन घेणं आणि पाहुण्यांकडे बघून हसणं, ही दोन्ही कामं एकाच मुलीने करावीत असं त्यांचं म्हणणं होतं. पण द्वारकाताईंना काढायचं कसं? डोक्यावर समान संधीचा बोर्ड होता. तेव्हा ठरलं की नव्या यंत्रावर त्यांची रीतसर परीक्षा घ्यायची. अंध ऑपरेटरसाठी त्या यंत्राला जोडायची एक लहानशी पेटी मिळत असे. जोडली की प्रत्येक दिव्याचा वेगळा आवाज यायचा. ती मागवलेली होती, आलीही होती. साहेब मला म्हणाले, “ती पेटी परीक्षा होईपर्यंत तुझ्या कपाटात राहू दे. आणि यंत्राचा स्वतःचा बझर आहे ना, तो मागून बंद होतो.” एवढंच. मला ऑफिसर करण्याचा कागद त्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर होता, त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

सकाळी अकराला द्वारकाताई नव्या खुर्चीत बसल्या. निळी साडी, डोक्यावर हेडफोन. दहाही बोटं बटणांवर पसरून त्यांनी एकदा सगळा बोर्ड चाचपला. नव्या यंत्राची माहिती त्यांनी आधीच कुणाकुणाकडून वदवून घेतली होती; पेटी आलीय हेही त्यांना ठाऊक होतं. मी बाजूला उभा होतो, हातात घड्याळ आणि तक्ता. साहेब आतल्या खोलीतून एकेक लाईन लावणार होते.

“वसंत, आवाज चालू आहे ना रे?”

“हो, द्वारकाताई.”

मी त्यांच्याशी बोललेलं हे एकच खोटं. पण ते पुरलं.

पहिला दिवा लागला. लागला, विझला, लागला, विझला… त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. मग दुसरा. मग तिसरा. खोलीत काहीही वाजत नव्हतं. त्यांच्या मिटल्या पापण्यांवर तांबडा ठिपका उमटायचा आणि जायचा आणि त्या शांतपणे हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत बसल्या होत्या. नवव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, “आज कुणाला कुणाशी बोलायचं नाही वाटतं.” बाराव्या मिनिटाला आठही दिवे एकदम लागले, साहेबांनी लावले असावेत. सगळा चेहरा तांबडा झाला. पंधराव्या मिनिटाला त्यांचं हसू थांबलं. मी जागचा हललो नव्हतो, शब्द बोललो नव्हतो, तरी त्यांनी मान वळवली आणि चेहरा बरोबर माझ्या चेहऱ्यासमोर आणला. इतका समोर की मी मागे सरलो.

“वसंत,” त्या म्हणाल्या, “श्वास घे रे.”

तेव्हा मला कळलं की मी तो रोखून धरला होता.

उरलेली पाच मिनिटं त्या तशाच बसल्या, बोटं बटणांवरून न काढता. वीस मिनिटं झाल्यावर हेडफोन उतरवला, दोरी नीट गुंडाळली. मी तक्त्यावर लिहिलं, “कॉल घेता आले नाहीत.” चार शब्द. चारही खरे.

दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. “तक्त्यावर सही कुणाची?”

“माझी.”

“साहेबांची नाही?”

“नाही.”

युनियनचे लोक त्यांच्या बाजूचे होते. एक शब्द त्या बोलल्या असत्या तर चौकशी लागली असती आणि त्यात सापडला असता तो एकटा मी. “मग राहू दे,” असं म्हणून त्यांनी राजीनाम्यावर सही केली. त्यांना सही येत होती, मोठ्या, वर चढत जाणाऱ्या अक्षरांची. पुढच्या महिन्यात मी ऑफिसर झालो. मला केबिन मिळाली आणि केबिनमध्ये थेट फोन.

ठाकुर्ली स्टेशनजवळ त्यांनी पीसीओचं दुकान घेतलं. अपंगांना तेव्हा बूथ मिळत. दुकानात दोन फोन, एक गिऱ्हाइकांचा आणि एक त्यांचा. एका दुपारी मी त्यांचा नंबर फिरवला. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच फिरवला होता. पलीकडे उचललं गेलं, तो क्षणभराचा थांबा आला, आणि मला काही बोलताच येईना. त्यांनी “नमस्कार, बोला” म्हटलं नाही. “कोण” असंही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “घाई नाही,” आणि फोन बंद न करता रिसीव्हर टेबलावर ठेवून दिला.

मग ते तसंच सुरू झालं. पंधरा दिवसांनी, महिन्याने, दुपारी दोन वाजता. मी कानाला रिसीव्हर लावून बसायचो आणि पलीकडे दुकान चालू असायचं. मीटरचा कागद फाटल्याचा आवाज. कुणीतरी सांगलीला ओरडून बोलतंय. द्वारकाताई कुणाला तरी सुटे पैसे देताना हसतायत. माझ्या केबिनमध्ये मी होतो आणि तिथे टेबलावरही मीच होतो, पालथा, बोलता न येणारा. एकदा मला सर्दी झाली होती. त्यांनी रिसीव्हर उचलला, ऐकलं, म्हणाल्या, “आलं घालून काढा घे,” आणि ठेवला टेबलावर. आणि एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलेलं स्पष्ट ऐकू आलं, “मावशी, ह्यो फोन खाली ठेवलाय, लाईनवर कोन हाय?”

“माज्या कंपनीतला मानूस हाय. त्याला बोलाया येल लागतो.”

त्यानंतर चार महिने मी नंबर फिरवला नाही. पण पुन्हा फिरवला. त्यांनी उचलला तेव्हा मधे काही दिवस गेलेच नाहीत असा तो थांबा होता.

त्यांच्या जाण्याची बातमी कंपनीत माझ्यामागून पोचली. साहेब आता मुख्य कचेरीत खूप वर आहेत. त्यांचा निरोप आला की समान संधीच्या धोरणावर कंपनी एक पुस्तिका काढते आहे, पहिल्याच पानावर द्वारकाताईंचा तो बोर्डाखालचा फोटो घ्यायचा, आणि खाली पाच-सहा ओळी वसंतने लिहाव्यात, “कारण त्याचे त्यांच्याशी चांगले संबंध होते.” फोटो माझ्या टेबलावर तीन दिवस होता. चौथ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेलो.

घर म्हणजे ओटा, मधली खोली आणि मागे द्वारकाताईंची खोली. तो फोन उचलणारी म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी, कल्पना. मी कंपनीतला, एवढं सांगितल्यावर तिने मला आत त्यांच्या खोलीत नेलं. तिन्हीसांज झाली होती. खोलीत दिवा नव्हता; म्हणजे लावलेला नव्हता असं नाही, बल्बची जागाच नव्हती. “आत्याला काय करायचाय, म्हणून बाबांनी वायर इथपर्यंत ओढलीच नाही,” ती म्हणाली. दारापासून खाटेपर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक गुळगुळीत पट्टा होता, येता-जाता हात फिरून काळवंडलेला. बघता बघता तोही दिसेनासा झाला. मी चटईवर बसलो. ती समोर बसली. आणि त्या अंधारात, समोरचा चेहरा दिसत नसताना, मला बोलता आलं. कपाटातली पेटी, बंद केलेला बझर, ‘हो, द्वारकाताई’, तांबडे दिवे, सगळं. मधे एकदाही कुणी मला तोडलं नाही. मी थांबलो तेव्हा समोरून हळू आवाज आला, “हं.”

मी डोळे पुसत होतो तेवढ्यात मागून, दारातून, कल्पनाची चाहूल आली. तिच्या हातात कप होते.

“कोणाशी बोलताय काका? दूध नव्हतं म्हणून मी शेजारी गेलेली. मी सांगून गेले ना तुम्हाला.”

ती सांगून गेली असेल. मी ऐकलं नसेल. बोलायच्या नादात माणसाला काय काय ऐकू येतं आणि काय येत नाही, याची मी खात्री देऊ शकत नाही. मी तिला खरं तेच सांगितलं, की तुझ्या आत्याविषयी एक गोष्ट सांगत होतो, तू समोर आहेस असं समजून.

तिने कप खाली ठेवले. म्हणाली, “आत्यानं ऐकलं असेल तर ते तुमचं नि तिचं. मला सांगायचंय ना? मग बाहेर या. उजेडात सांगा.”

ओट्यावर ट्यूबलाईट होती. तिथे तिचे वडील, शेजारची दोन माणसं. त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत मी ते दुसऱ्यांदा सांगितलं, आणि ते पहिल्यासारखं मुळीच आलं नाही. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून’ असं मी दोनदा म्हणालो आणि दोन्ही वेळा कल्पनाने विचारलं, “पण ‘हो’ कोण म्हणालं?” मी म्हणालो, मी. तिचे वडील उठून आत गेले आणि मी निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. कुणी मला माफ केलं नाही. चहा तसाच गार झाला. निघताना कल्पना म्हणाली, “फोटो छापायचा तर छापा. पण खाली हे लिहा.”

कंपनीला मी हेच सगळं लिहून पाठवलं, सहीनिशी. फोटो परत आला. पुस्तिकेत आता कुंड्यांचा फोटो आहे म्हणे. माझ्याविषयी वर काय ठरतंय ते अजून कळलेलं नाही. ते ज्यांनी ठरवायचं त्यांनी ठरवावं. इथे लिहितोय ते एवढ्यासाठी की कंपनीतल्या फायलीत अजूनही ते चार शब्द आहेत, आणि फाईल वाचणाऱ्याला ते खरे वाटतील.

मागच्या रविवारी पुन्हा गावी गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. द्वारकाताईंचे भाऊ दिवाळीसाठी घराला चुना लावत होते. माझ्याशी ते थेट बोलले नाहीत, पण ‘जा’ असंही म्हणाले नाहीत. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. सगळी भिंत पांढरीशुभ्र, ओलसर, आणि कमरेच्या उंचीवर दारापासून खाटेपर्यंत तो काळसर पट्टा जसाच्या तसा. मी म्हटलं, तेवढी जागा सोडलीत वाटतं.

“सोडली नाय,” ते कुंचला झटकत भिंतीकडेच बघत म्हणाले. “तीन येला चुना मारला. सुकला का परत वर येतंय.”