सगळ्यात मोठी चकती

गिअरच्या सायकलीचं काम करावं तर पडेगावच्या अंगदनंच, असं शहरातले हौशी लोक सांगतात. तो हे काम का शिकला, ते मात्र कुणी विचारत नाही.

सहा वर्षांपूर्वी दौलताबादच्या घाटात सायकलींच्या चढाईची शर्यत होती. अंगद आपली बिनगिअरची काळी सायकल घेऊन रांगेत उभा राहिला. शेजारी मेंढरं राखणारी आई, बानाबाई, भाकरीचं गाठोडं घेऊन. शर्यत भरवणाऱ्या सायकल क्लबाचे अध्यक्ष इंद्रजीतसाहेब म्हणाले, "अरे, घाट चढायचाय, मेंढरं नाही हाकायची. हो बाजूला." सगळे हसले. काय झालं ते न कळून बानाबाईही हसली. आईचं ते हसणं अंगदच्या काळजात रुतून बसलं. त्यानं डूख धरला. ज्या गिअरांवर साहेबांची एवढी ऐट, तेच काम तो शिकला.

यंदा चढाईच्या पंधरा दिवस आधी साहेब स्वतःच अंगदच्या दुकानात आले. सायकल कोरी, सात गिअरची. "तेलपाणी कर," एवढंच बोलले. अंगदला ओळखलंसुद्धा नाही, आणि याचाच त्याला जास्त संताप आला.

मागच्या चाकाला सात चकत्या असतात. सगळ्यात मोठीवर चेन चढली की घाट हलका होतो, आणि चेननं कुठवर जायचं ते एक बारीक स्क्रू ठरवतो. अंगदनं तो आवळला. मोठी चकती बंद. सपाट रस्त्यावर मिरवणाऱ्याला ते कळणारही नव्हतं.

चढाईच्या सकाळी तो काळी सायकल घेऊन घाटाच्या मधल्या वळणावर थांबला. साहेब आले. गिअरचा खटका दाबून दाबून थकले, शेवटी उतरले आणि चालू लागले. मागून आलेले सगळे पुढं निघून गेले.

"गिअर पडंना का, साहेब?"

अंगदनं खिशातला पेचकस काढला, स्क्रू सैल केला, चाक उचलून पेडल फिरवलं. चेन मोठ्या चकतीवर जाऊन बसली. साहेब बघतच राहिले.

"हे तू केलंस?"

"व्हय. सांगा की समद्यास्नी. पण पंधरा दिसांत तुमी एकदाबी चढावर गेला नव्हता, तेबी सांगावं लागंल."

साहेबांचं तोंड उतरलं. "तू आहेस कोण?"

"मेंढरं हाकणारा."

अंगद काळ्या सायकलीवर टांग टाकून उभ्यानं पेडल मारत निघाला. घाटमाथ्यावर बानाबाई बसली होती. बऱ्याच वेळानं साहेब सायकल ढकलत वर आले. गिअर मिळाला तरी पायांत त्राण उरलं नव्हतं. त्यांना बघून बानाबाई हसली. या खेपेला कशाला हसायचं ते तिला ठाऊक होतं.